ए३७५ : मेलानोमाची सेल लाइन वाढवण्याची आणि जपून ठेवण्याची पद्धत

संशोधनाला नव्याने लागलेला विद्यार्थी पेशींचा पहिला फ्लास्क हातात पडला की त्यात औषध घालून बघायला उतावीळ झालेला असतो. ए३७५ ही मेलानोमाची सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशींचा वंश, मागवणाऱ्या प्रत्येकाला मी मात्र आधी एकच गोष्ट सांगते: पहिले दोन-तीन आठवडे प्रयोग करायचा नाही, पेशी गोठवून साठा करायचा. या पेशी वाढवणे तसे अवघड नाही. त्या भरभर वाढतात, फार लाड मागत नाहीत आणि हाताळणीतल्या लहानसहान चुका पोटात घालतात. अवघड आहे ते सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती त्याच पेशी त्याच अवस्थेत देता येणे. म्हणून या लेखात संवर्धनाइतकीच जागा साठवणीला दिली आहे.

मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या मेलानोसाइट पेशींचा कर्करोग. ए३७५ ही लाइन एका ५४ वर्षांच्या स्त्रीच्या गाठीपासून तयार झाली आणि १९७३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्या बी-रॅफ या जनुकात व्ही६००ई नावाचा बदल आहे, म्हणजे त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि पेशीला ‘विभाजन कर’ हा निरोप अखंड मिळत राहतो. मेलानोमात हा बदल वारंवार आढळतो हे २००२ साली कळले, आणि त्यावर नेमके काम करणारे व्हेमुराफेनिब हे औषध २०११ साली अमेरिकेत मंजूर झाले. ए३७५ इतकी लोकप्रिय आहे ती या औषधांच्या अभ्यासासाठी. ज्यांना मेलानिन रंगद्रव्याचाच अभ्यास करायचा आहे त्यांनी मात्र ही लाइन घेऊ नये, कारण तिच्यात रंग जवळजवळ नसतोच. त्या कामाला उंदराची बी१६-एफ१० ही लाइन बरी. तिच्या पेशी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवल्यावर तळाशी बसणारा गोळा काजळासारखा काळा दिसू शकतो. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी: भारतीय रुग्णांत तळपाय, तळहात आणि श्लेष्मल त्वचेवरच्या मेलानोमाचे प्रमाण तुलनेने जास्त असते आणि त्या प्रकारांत बी-रॅफचा हा बदल कमी वेळा सापडतो. ए३७५ वर मिळालेले उत्तर म्हणजे ‘मेलानोमाचे’ उत्तर नव्हे. ते एका विशिष्ट प्रकारच्या मेलानोमाचे उत्तर असते.

पेशी कोठून घ्याव्यात

शेजारच्या प्रयोगशाळेतून, ओळखीने, उसन्या घेऊ नयेत. पैसे आणि वेळ वाचल्यासारखे वाटते, पण उसन्या पेशींबरोबर त्यांचा अज्ञात इतिहासही घरी येतो: त्या कितव्या पॅसेजच्या (म्हणजे किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाटलेल्या) आहेत, मधल्या काळात त्यांच्यावर काय काय वापरले, मुळात त्या ए३७५ आहेत का, यातले काहीच ठामपणे सांगता येत नाही. मान्यताप्राप्त भांडारातूनच मागवाव्यात. आपल्याकडे पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आणि देशभरातल्या संशोधकांना सेल लाइन पुरवणे हे त्याच्या कामांपैकी एक आहे.

ओळखीच्या घोटाळ्याचे सर्वांत बोधक उदाहरण मेलानोमाच्याच घरचे आहे. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. तिच्यावर असंख्य निबंध लिहिले गेले. पुढे जनुकीय तपासण्यांवरून दिसले की तिचा ठसा एम१४ या मेलानोमाच्या लाइनशी जुळतो. हे टाळण्याचा मार्ग म्हणजे एसटीआर तपासणी, ज्यात डीएनएतल्या ठरावीक पुनरावृत्त भागांची लांबी मोजून पेशींचा ठसा काढतात आणि तो भांडाराने दिलेल्या मूळ ठशाशी ताडून पाहतात. ८० टक्के किंवा त्याहून अधिक जुळणी असेल तर लाइन तीच असे सर्वसाधारणपणे मानतात. पेशी आल्यावर एकदा, साठा तयार झाल्यावर एकदा आणि निबंध पाठवण्यापूर्वी एकदा ही तपासणी करून घ्यावी.

खोली, माध्यम आणि सवयी

मानवी कर्करोगाच्या पेशी असल्याने काम ‘क्लास टू’ प्रकारच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करावे. ज्यात हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते त्या साध्या आडव्या लॅमिनार हूडमध्ये करू नये. हातमोजे आणि एप्रन अंगावर असावेत. कॅबिनेट सुरू करून दहा-पंधरा मिनिटे हवा वाहू द्यावी, आतला पृष्ठभाग आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू ७० टक्के अल्कोहोलने पुसावी. १०० टक्के अल्कोहोल जास्त प्रभावी असेल असे नवख्यांना वाटते, पण जंतू मारण्याच्या क्रियेत पाण्याची गरज असते आणि शुद्ध अल्कोहोल त्याआधीच उडून जाते.

ए३७५ साठी डीएमईएम हे माध्यम, म्हणजे पेशींना वाढवणारा पोषक द्रव, आणि त्यात १० टक्के एफबीएस, म्हणजे गाईच्या गर्भाचे सीरम. इनक्युबेटर ३७ अंश सेल्सियस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर ठेवावा. सीरमची प्रत्येक बॅच वेगळी वागते, म्हणून एक प्रयोगमाला सुरू असताना मध्येच बॅच बदलू नये. बदलावीच लागली तर जुन्या आणि नव्या सीरममध्ये पेशी शेजारी शेजारी वाढवून आधी तुलना करावी. माध्यमातले ग्लुटामिन हळूहळू विघटित होते, त्यामुळे उघडलेल्या बाटलीवर तारीख घालावी आणि महिना-सव्वा महिन्यात ती संपवावी.

प्रतिजैविकांबद्दल माझे मत जरा कडक आहे. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या माध्यमात हाताची अस्वच्छता झाकली जाते. सगळे जिवाणू मरत नाहीत, काही नुसते दबून राहतात, आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूला तर पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा काही उपयोग होत नाही. निदान साठा तयार करताना तरी माध्यम प्रतिजैविकांशिवायचे असावे, म्हणजे काही गडबड असेल तर ती तेव्हाच दिसेल.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर या काळात बुरशी कोठूनही शिरते: पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, एसीच्या जाळीतून, ओल्या छत्र्यांबरोबर. पेशींच्या खोलीत पुठ्ठा आणू नये, इनक्युबेटरच्या ट्रेमधले पाणी निर्जंतुक आणि ऊर्ध्वपातित असावे आणि दर आठवड्याला बदलावे. वॉटर बाथ हे तर बुरशीचे माहेरघर; त्यातून काढलेली बाटली पुसल्याशिवाय कॅबिनेटमध्ये नेऊ नये.

व्हायल उघडणे

गोठवलेल्या पेशी उठवताना घाई करायची असते आणि गोठवताना सावकाशी. नवखे लोक नेमके उलट करतात. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींची छोटी कुपी, काढण्याआधी माध्यम कोमट करून, फ्लास्कवर नाव-तारीख लिहून, सगळे मांडून ठेवावे. व्हायल काढताना चेहऱ्यावर पूर्ण संरक्षक कवच असले पाहिजे, नुसता चष्मा पुरत नाही. द्रव नायट्रोजनचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे ७०० पट होते, आणि द्रवात बुडालेल्या व्हायलच्या झाकणातून थेंबभर नायट्रोजन आत शिरलेला असेल तर ती गरम होताच फुटू शकते.

व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात, झाकण पाण्याच्या वर ठेवून, हलकेच फिरवावी. मिनिट-दीड मिनिटात आत तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरतो. तेव्हाच बाहेर काढावी, पूर्ण विरघळण्याची वाट पाहू नये. अल्कोहोलने पुसून कॅबिनेटमध्ये न्यावी आणि आतला मिलिलीटरभर द्रव ९ मिलिलीटर कोमट माध्यमात थेंब थेंब सोडावा, म्हणजे डीएमएसओ हे गोठवताना घातलेले संरक्षक द्रव्य एकदम न ओसरता हळूहळू विरळ होते. २०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट जोराने) पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव काढून टाकावा आणि पेशी ५ मिलिलीटर ताज्या माध्यमात मिसळून २५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये घालाव्यात. मग फ्लास्क इनक्युबेटरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावू नये. दर दोन तासांनी बाहेर काढून बघणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे पेशी चिकटायला वेळ लागतो, एवढेच त्यातून साधते.

रोजची पाहणी आणि स्प्लिट

रोज एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघावे, आणि बघण्याआधी फ्लास्क उजेडात धरावा. माध्यमातला फिनॉल रेड आम्लता वाढली की पिवळा पडतो आणि आम्लता घटली की गुलाबी-जांभळा होतो. चार दिवसांनी दाट फ्लास्क नारिंगी-पिवळा दिसला तर ते पेशींच्या वाढीचे लक्षण आहे. काल स्प्लिट केलेला, म्हणजे पेशी वाटून नव्याने भरलेला, फ्लास्क आज पिवळा आणि किंचित गढूळ दिसला तर जिवाणू शिरले आहेत आणि तो ताबडतोब ब्लीच घालून टाकून द्यावा. वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

पृष्ठभागाचा ७० ते ८० टक्के भाग पेशींनी भरला की स्प्लिट करावे. ए३७५ फार दाट होऊ दिल्या तर एकमेकींवर चढतात, काही सुटून तरंगू लागतात, आणि अशा उपासमार झालेल्या पेशींवर केलेला औषधाचा प्रयोग काहीच सांगत नाही.

जुने माध्यम काढून कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएस या क्षारद्रावणाने पेशी धुवाव्यात. हे धुणे कंटाळ्याने टाळू नये, कारण सीरममध्ये ट्रिप्सिनला, म्हणजे पेशी सुट्या करणाऱ्या विकराला, अडवणारे घटक असतात आणि माध्यमाचा मागमूस राहिला तर ट्रिप्सिन नीट काम करत नाही. मग ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए एक मिलिलीटर घालून फ्लास्क तिरका करत सर्वत्र पसरवावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खरोखर बघत बसावे. आधी पेशींच्या कडा आक्रसतात आणि त्यांच्या मधल्या फटी उजळतात. मग लांबट पेशी एकेक करून गोल, चमकदार मण्यांसारख्या होतात. शेवटी फ्लास्क हलवला की त्या वाळूसारख्या एका बाजूला वाहू लागतात. ए३७५ ला याला सहसा दोन-तीन मिनिटे पुरतात. फ्लास्क तळहातावर आपटू नये. त्याने पेशी गठ्ठ्यांनी सुटतात आणि मोजणी बिघडते. सुटल्या की सीरमयुक्त माध्यम ४ मिलिलीटर घालून ट्रिप्सिन थांबवावे.

आता मोजणी. ‘एकास आठ’ असे अंदाजाने वाटून टाकण्याची पद्धत सर्रास आहे, पण निदान पहिले काही महिने प्रत्येक वेळी मोजावे. थोडे पेशी-मिश्रण आणि तेवढेच ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू एकत्र करून न्यूबाउअर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचपट्टीत, भरावे. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत स्वच्छ राहतात. समजा चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांत मिळून ९८ जिवंत आणि ४ निळ्या पेशी दिसल्या. जिवंतपणा ९८ भागिले १०२, म्हणजे ९६ टक्के. एका चौकोनाची सरासरी २४.५, रंगामुळे दुप्पट विरळ झाल्याने गुणिले २, आणि चेंबरच्या मापामुळे गुणिले १०,०००. म्हणजे प्रति मिलिलीटर ४ लाख ९० हजार, आणि एकूण ५ मिलिलीटरमध्ये साडेचोवीस लाख पेशी. नव्या लहान फ्लास्कमध्ये ३ लाख पेशी हव्या असतील तर यातले सुमारे ०.६ मिलिलीटर घ्यावे. पेशी दिवसाकाठी साधारण दुप्पट होतात, तेव्हा सोमवारी घातलेले ३ लाख गुरुवारी चोवीस लाखांच्या आसपास असले पाहिजेत. ते दहा लाखच असतील तर काहीतरी बिनसले आहे, आणि ते ‘एकास आठ’ वाटणाऱ्याला कधी कळत नाही.

उरलेले ट्रिप्सिन, माध्यम आणि पेशी ब्लीचमध्ये टाकून अर्धा तास ठेवाव्यात किंवा ऑटोक्लेव्ह कराव्यात, पण ब्लीच घातलेला द्रव ऑटोक्लेव्हमध्ये कधीही ठेवू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो.

मायकोप्लाझ्मा

याला स्वतंत्र जागा देते, कारण याने माझी जवळजवळ आठ महिन्यांची मेहनत खाल्ली आहे. उसनी आणलेली एक व्हायल होती, पेशी दिसायला निरोगी होत्या, माध्यम स्वच्छ होते, फक्त वाढ थोडी मंद होती आणि औषधाचे आकडे दर वेळी थोडे वेगळे येत होते. मी आकडेमोडीत, मग औषधाच्या बाटलीत, मग स्वतःच्या हातात दोष शोधत राहिले. तपासणी केली तेव्हा खोलीतल्या पाच लाइन दूषित निघाल्या. मायकोप्लाझ्मा इतका लहान असतो की ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून आरामात जातो, माध्यम गढूळ करत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. पीसीआरने, म्हणजे त्याचा डीएनए शोधून, किंवा होएश्ट हा डीएनएला चिकटणारा रंग देऊन केंद्रकाबाहेर चमकणारे बारीक ठिपके दिसतात का हे पाहून, तो ओळखता येतो. नवी लाइन आली की तपासणीचा निकाल येईपर्यंत ती वेगळ्या इनक्युबेटरमध्ये, तेही नसेल तर दिवसाच्या शेवटी सर्वांत अखेरीस हाताळावी. आणि नंतर दर महिन्याला तपासणी व्हावी.

गोठवणे

आलेल्या व्हायलपासून दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजलाच पहिला साठा करावा. त्याला मूळ साठा म्हणावे आणि त्याला प्रयोगासाठी हात लावू नये. त्यातल्या एका व्हायलपासून कामाचा साठा करावा, आणि रोजचे प्रयोग त्या दुसऱ्या साठ्यातून व्हावेत. मूळ साठ्याच्या दहा व्हायल आणि प्रत्येकीपासून कामाच्या दहा, असा हिशेब केला तर एका प्रयोगशाळेला कित्येक वर्षे पुरेल. कामाच्या व्हायलमधून उठवलेल्या पेशी वीसेक पॅसेजनंतर टाकून नवी व्हायल उघडावी, कारण सतत वाढणाऱ्या पेशींत वेगाने वाढणाऱ्यांची निवड आपोआप होत राहते आणि लाइन हळूहळू बदलते.

गोठवण्यासाठी पेशी जोमाने वाढत असलेल्या हव्यात. दाटून थांबलेल्या पेशी उठताना कमी वाचतात. ७५ चौरस सेंटिमीटरचे दोन फ्लास्क ७०-८० टक्के भरले की साधारण दीड कोटी पेशी मिळतात आणि व्हायलमागे १५ लाख धरले तर दहा व्हायल होतात. आदल्या दिवशी माध्यम बदलून ठेवावे. गोठवण्याचे मिश्रण म्हणजे ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ. हे दोन्ही मिसळताना उष्णता निघते, म्हणून मिश्रण आधी करून गार करून ठेवावे, पेशींवर शुद्ध डीएमएसओ कधीही ओतू नये. डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठते, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली दगडासारखी झालेली दिसली तर ती खराब झाली असे समजून टाकून देऊ नये.

डीएमएसओचे काम समजून घेतले तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. गारठा वाढताना बर्फ आधी पेशींच्या बाहेर तयार होतो आणि आतले पाणी हळूहळू बाहेर ओढले जाते. फार वेगाने गोठवले तर पाणी बाहेर पडायच्या आत बर्फाचे स्फटिक पेशीच्या आतच होतात आणि तिला फाडतात. फार सावकाश गोठवले तर पेशी सुकून क्षारांच्या दाट द्रावणात मरते. मिनिटाला सुमारे १ अंश हा या दोहोंमधला वेग आहे, आणि डीएमएसओ पेशीत शिरून आतला बर्फ आणि क्षारांचा मारा दोन्ही कमी करते. पण तेच डीएमएसओ खोलीच्या तापमानाला पेशींना घातक असते. म्हणून मिश्रणात पेशी घातल्यापासून व्हायल उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जाईपर्यंत दहा मिनिटांहून जास्त वेळ जाऊ देऊ नये. व्हायलवरची नावे आधीच लिहिलेली असावीत: लाइन, पॅसेज, पेशींची संख्या, तारीख, करणाऱ्याची आद्याक्षरे. साध्या मार्करची शाई अल्कोहोलने पुसून जाते, त्यामुळे गोठवणीसाठीची खास लेबले वापरावीत.

आयसोप्रोपॅनॉल भरलेल्या डब्यात व्हायल ठेवून तो उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवला की मिनिटाला १ अंशाचा वेग आपोआप साधतो. त्यातले आयसोप्रोपॅनॉल पाच वापरांनंतर बदलावे. दुसऱ्या दिवशी व्हायल सुक्या बर्फावरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत न्याव्यात. ‘उणे ८० मध्येच राहू दे, पुढच्या आठवड्यात हलवू’ हा विचार साठा संपवतो: त्या तापमानाला बर्फाचे स्फटिक हळूहळू बदलत राहतात आणि काही महिन्यांत जिवंतपणा घसरतो. उणे १३५ अंशांखाली, काचेसारख्या घट्ट अवस्थेत, पेशींचे घड्याळ खऱ्या अर्थाने थांबते. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो.

टाकी आणि वही

टाकीची खोली हवेशीर असावी आणि तिथे ऑक्सिजनची पातळी घटल्यास वाजणारा इशारा-यंत्र असावा, कारण सांडलेला नायट्रोजन बंद खोलीतला ऑक्सिजन हटवतो आणि माणसाला काही कळायच्या आत भोवळ येते. टाकी भरताना एकट्याने राहू नये. पातळी मोजायला लांब लाकडी पट्टी वापरावी: तळापर्यंत बुडवून काही सेकंदांनी बाहेर काढून हवेत हलवली की जेवढी बुडाली तेवढ्या भागावर पांढरे दव गोठते, आणि ती रेघ म्हणजे पातळी. ही नोंद आठवड्यातून दोनदा, टाकीवरच लटकवलेल्या वहीत करावी. एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे ही जबाबदारी ‘सगळ्यांची’ होती आणि परत आलो तेव्हा पट्टीवर दव चार बोटांपुरतेच उमटले. वरच्या कप्प्यांतल्या व्हायल गेल्या. तेव्हापासून सुट्टीआधी एका माणसाचे नाव वहीत लिहिले जाते, आणि मूळ साठ्याच्या निम्म्या व्हायल दुसऱ्या इमारतीतल्या टाकीत असतात.

नवा साठा केल्यावर आठवडाभराने त्यातली एक व्हायल उठवून बघावी. उठवल्याबरोबरचा जिवंतपणा, चोवीस तासांनी चिकटलेल्या पेशी, तीन दिवसांनी मोजलेली संख्या, मायकोप्लाझ्माचा निकाल आणि एसटीआरचा ठसा, एवढे वहीत आले की तो साठा वापरण्यायोग्य झाला असे समजावे. उरलेल्या नऊ व्हायलची जागा, टाकीचा क्रमांक, रॅक, डबा आणि घर, त्याच पानावर लिहावी, आणि व्हायल काढणाऱ्याने ती खोडून शेजारी तारीख घालावी.